उकिरड्याचे पांग

आमच्या शेतात विहिरीच्या अलीकडे विटांचं एक टाकं आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. भिंतींमध्ये ठरावीक अंतरावर वीट न लावता भोकं सोडलेली. लहानपणी आम्ही भावंडं एका बाजूने त्या भोकात हात घालायचो आणि दुसऱ्या बाजूने येणारा हात पकडायचो. टाक्याचा तेवढाच उपयोग आम्हाला माहीत होता. कुठल्याशा योजनेतून ते बांधलं गेलं, एकदा भरलं आणि मग विसरलं गेलं. आज त्यात फवारणीचे रिकामे डबे, ठिबकच्या फुटक्या नळ्या आणि पावसाळ्यात उगवलेली गाजरगवताची झुडपं आहेत.

यवतमाळ जिल्ह्यात ज्याचं बालपण गेलं त्याला हे टाकं ओळखू येईल. याला 'नाडेप' म्हणतात. हा काहीतरी इंग्रजी शब्दांचा संक्षेप असावा असं मला कॉलेजात जाईपर्यंत वाटत होतं. खरं तर ते एका माणसाचं नाव आहे, आणि तो माणूस आमच्याच जिल्ह्यातला. त्याच्याकडे आपण शेवटी येऊ. आधी थोडं लांबून जावं लागेल: बिहार, क्वेट्टा, इंदूर, इंग्लंड, अमेरिका आणि पुन्हा पुसद.

हल्ली मोबाईलवर 'पर्माकल्चर', 'रिजनरेटिव्ह फार्मिंग' असे शब्द सारखे समोर येतात. व्हिडिओत एखादं हिरवंगार शेत असतं, गळ्यात उपरणं घातलेला कुणी तरुण मूठभर काळी माती हातात घेऊन वास घेतो, आणि खाली हजारो लाइक असतात. दर वेळी मला ते टाकं आठवतं आणि थोडा रागही येतो. हे शब्द कुठून आले, हे शोधायला मी दोनेक वर्षांपूर्वी त्याच रागातून बसले. शोधता शोधता एका जुन्या इंग्रजी पुस्तकापाशी पोचले. 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर', ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, १९३१. विषय शेतातल्या टाकाऊ काडीकचऱ्याचं खत. लेखक दोन. पहिलं नाव अल्बर्ट हॉवर्ड. त्याच्या खाली यशवंत डी. वाड.

जगभरच्या सेंद्रिय शेतीचं मूळ पुस्तक म्हणून ज्याचा उल्लेख होतो, त्यावर 'वाड' हे नाव वाचून मराठी माणसाचे कान टवकारणारच. माझेही टवकारले.

शिकवायला आला, शिकायला बसला

अल्बर्ट हॉवर्डचा जन्म १८७३ सालचा, इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या शेतकरी घरातला. केंब्रिजला शिकला, वेस्ट इंडीजमध्ये उसाच्या रोगांवर काम केलं, मग केंटमध्ये हॉप्सवर. १९०५ मध्ये तो हिंदुस्थान सरकारचा 'इम्पीरियल इकॉनॉमिक बॉटनिस्ट' म्हणून बिहारमधल्या पुसा इथे आला. लॉर्ड कर्झनच्या काळात तिथे शेतीसंशोधनाची मोठी संस्था उभी राहत होती.

त्याच वर्षी मुंबईत त्याचं लग्न झालं. बायको गॅब्रिएल मथाई. आता तिला 'हॉवर्डची बायको' म्हणून सोडून देणं फार सोपं आहे, आणि बहुतेकांनी तेच केलं. पण ती स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होती. पानं हवेतला कार्बन वायू किती वेगाने घेतात आणि तापमानाचा त्यावर काय परिणाम होतो, याचे तिने केंब्रिजमध्ये केलेले प्रयोग आजही प्रकाशसंश्लेषणाच्या इतिहासात मोजले जातात. ज्या विद्यापीठात तिने हे काम केलं, ते तेव्हा बायकांना पदवीही देत नव्हतं. हिंदुस्थानात ती आधी नवऱ्याची सहायक झाली आणि १९१३ मध्ये तिला 'सेकंड इम्पीरियल इकॉनॉमिक बॉटनिस्ट' हे पद मिळालं. दोघांनी मिळून गव्हाचे पुसा ४, पुसा १२ असे वाण काढले. ते लाखो एकरांवर पेरले गेले.

तोवरची गोष्ट साम्राज्याच्या शिरस्त्याप्रमाणेच आहे: साहेब आला, त्याने बियाणं सुधारलं. पुढे मात्र वेगळं घडलं. हॉवर्ड पिकांच्या रोगांचा तज्ज्ञ होता आणि त्याच्या लक्षात आलं, की पुशाच्या आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या पिकांवर रोग-कीड आश्चर्य वाटावं इतकी कमी आहे. त्यांच्याकडे ना औषध होतं, ना फवारणीचा पंप. मग या लोकांच्या पद्धती आपणच शिकायच्या, असं त्याने ठरवलं. आसपासचे शेतकरी आणि पिकांवरची कीड हे आपले प्राध्यापक आहेत, असं तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. त्याच्या मते कीड ही शत्रू नव्हती. जमिनीची किंवा वाणाची निवड कुठे चुकली, हे दाखवणारी ती परीक्षक होती.

हे वाचताना भारावून जायला होतं, म्हणून इथे थोडं थांबते. हॉवर्डच्या आधीही हे दिसलेले लोक होते. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचा रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर १८८९ साली इथे आला होता. हिंदी शेतकऱ्याला अडाणी समजणं चूक आहे, असं त्याने १८९३ च्या आपल्या अहवालात मांडलं. शेतकरी शेण जाळतो ते मूर्खपणाने नव्हे, जळाऊ लाकूड नाही म्हणून, हेही त्याने नोंदवलं.

आणि व्होल्करच्याही आधी, १८८३ साली, आपल्या जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. शाळेत त्याचं नाव पाठ करतो आपण, पण त्यात मातीविषयी काय आहे ते फारसं कुणी सांगत नाही. डोंगरावरचा पालापाचोळा आणि गुराढोरांचं शेणमूत पावसाबरोबर वाहून खालच्या शेतांना मिळायचं, जंगल खात्याने डोंगर बंद केल्यावर ते थांबलं आणि जमिनी नापीक होत गेल्या, असा मुद्दा त्यात आहे. उपायही आहे: रिकाम्या बसलेल्या लष्कराकडून आणि पोलिसांकडून ताली-बंधारे बांधून घ्या, म्हणजे पाणी शेतात मुरेल आणि माती जागेवर राहील. आज ज्याला आपण पाणलोट विकास म्हणतो, तो विचार हॉवर्ड दहा वर्षांचा असताना पुण्यातला एक माणूस मराठीत लिहीत होता. फरक इतकाच, की हॉवर्डकडे प्रयोगाला जमीन होती आणि फुल्यांकडे सरकारला जाब विचारण्याचं धाडस.

इंदूर: कापसाच्या पैशातून खत

पुशात हॉवर्ड दांपत्याची घुसमट होऊ लागली. एक माणूस वाणावर काम करणार, दुसरा किडीवर, तिसरा मातीच्या रसायनावर, आणि शेत नावाची सबंध गोष्ट कुणीच पाहणार नाही, ही पद्धत त्यांना मानवेना. १९२४ मध्ये संधी आली. इंदूरच्या होळकर दरबाराने तीनशे एकर जमीन दिली, मध्य भारतातल्या संस्थानांनी आणि इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने पैसे दिले आणि 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' उभी राहिली. हॉवर्ड तिचा संचालक.

कॉटन कमिटीचा पैसा म्हणजे कापसावर बसवलेल्या उपकराचा पैसा. माळव्याची जमीन म्हणजे आमच्यासारखीच काळी, कापसाची. पावसात चिकट चिखल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. संस्थेचं अधिकृत काम होतं गिरण्यांसाठी जास्त आणि चांगला कापूस पिकवणं. हॉवर्ड म्हणाला, कापूस सुधारायचा तर आधी जमीन सुधारू. आणि जमीन सुधारायची तर तिला सेंद्रिय खत लागेल. ते आणायचं कुठून? जेवढं शेण होतं, त्यातलं बरंचसं गोवऱ्या होऊन चुलीत जात होतं.

उत्तर शेतातच पडलेलं होतं. पऱ्हाट्या, तुराट्या, निंदलेलं गवत, उसाचं पाचट, झाडांचा पाला. शेणाची भर या काडीकचऱ्याने करायची. या कल्पनेमागे आणखी एक पुस्तक होतं. फ्रँकलिन किंग हा अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ १९०९ मध्ये चीन, कोरिया, जपान हिंडला होता. चार हजार वर्षं तीच जमीन कसून ती थकत कशी नाही, हे त्याला पाहायचं होतं. कालव्याचा गाळ, हिरवळ, शेण, माणसाचा मैला, काहीही वाया न घालवता तिथले शेतकरी खत करतात, हे त्याने लिहून ठेवलं. पुस्तक पूर्ण होण्याआधीच तो वारला आणि १९११ मध्ये त्याच्या बायकोने ते प्रसिद्ध केलं. त्या पुस्तकाच्या उपशीर्षकात दोन शब्द होते: 'पर्मनंट ॲग्रिकल्चर'. कायम टिकणारी शेती. ते शब्द लक्षात ठेवा.

इंदूरला चिनी अनुभव, माळव्यातला काडीकचरा आणि रसायनशास्त्राची मोजमापं एकत्र आली. पद्धत अशी होती.

कापसाच्या आणि तुरीच्या टणक काड्या सहजासहजी कुजत नाहीत. म्हणून त्या आधी शेतातल्या गाडीरस्त्यावर पसरायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चेचल्या जातात. हे वाचल्यावर मला हसूच आलं. कुट्टीचं यंत्र नको, डिझेल नको, नुसता रस्ता. मग हा चेचलेला माल गवत-पाल्यात मिसळून गोठ्यात बैलांखाली अंथरायचा. रात्रभर तो शेणामुताने भिजतो. सकाळी उचलून खड्ड्याकडे न्यायचा. गोठ्याची जमीन मुद्दाम मातीची ठेवायची, कारण माती मूत्र शोषून घेते. ती मुतारी माती दर काही महिन्यांनी वरवर खणून काढायची, बारीक करायची आणि खतात घालायची. मूत्रातला नत्र वाया जाणं म्हणजे अर्धं खत वाया जाणं, हे त्यांनी पक्कं ओळखलं होतं. जोडीला चुलीतली राख, म्हणजे आम्लता वाढत नाही.

खड्डा तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन-तीन फूटच खोल, कारण हवा आत पोचली पाहिजे. काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेण, त्यावर मुतारी माती आणि राख, पाणी शिंपडणं, पुन्हा थर. दहा-पंधरा दिवसांच्या जुन्या खड्ड्यातलं बुरशी धरलेलं थोडं खत विरजणासारखं घालायचं. काही दिवसांतच ढीग आतून तापतो, पासष्ट अंश सेल्सिअसच्या आसपास. सुमारे दोन आठवड्यांनी पहिल्यांदा पालटायचा, महिन्याने दुसऱ्यांदा, दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी पाणी. तीन महिन्यांत खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं, म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग करायचा.

यात नवं काय, असं कुणी विचारेल. उकिरडा आपल्याकडे होताच की! होता. पण उकिरड्यावर शेण उन्हात वाळतं, पावसात धुपतं, त्यात नुसती काडी कधी कुजते कधी नाही. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. इंदूरवाल्यांनी ती बारा वर्षं तीन महिन्यांवर आणली. कशी आणली, तर कार्बन आणि नत्राचं प्रमाण मोजून. सुरुवातीच्या मिश्रणात नत्राच्या एका भागाला कार्बनचे सुमारे तेहतीस भाग असावेत. तयार खतात ते दहाला एकच्या जवळ येतं. काडीत कार्बन जास्त, शेणमुतात नत्र जास्त. थर कसे लावायचे हे त्यावर ठरतं. ढिगात आधी बुरशी काम करते, मग जिवाणू. पालटलं नाही तर हवा संपते आणि माल कुजण्याऐवजी सडतो.

हे सगळं मोजणं रसायनाचं काम होतं. आणि पुस्तकावर यशवंत वाड यांची ओळख आहे ती संस्थेतल्या रसायन विभागाचे मुख्य सहायक म्हणून.

दुसरं नाव

गॅब्रिएल १९३० मध्ये वारली. पुढच्या वर्षी पुस्तक निघालं, हॉवर्ड निवृत्त होऊन इंग्लंडला परतला. १९३४ मध्ये त्याला 'सर' ही पदवी मिळाली. १९४० मध्ये त्याने 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' हे आपलं सर्वांत गाजलेलं पुस्तक लिहिलं आणि ते गॅब्रिएलच्या स्मृतीला अर्पण केलं.

वाड इंदूरलाच होते. हॉवर्डनंतर संचालक झालेल्या एफ. के. जॅक्सनबरोबर त्यांनी १९३४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता वस्तीतला कचरा आणि मैला इंदूर पद्धतीने खतात बदलणं. शेतातली पद्धत गावाच्या आणि शहराच्या दारापर्यंत नेण्याचं हे पाऊल होतं. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९३५ मध्ये, गांधीजी हिंदी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी इंदूरला आले तेव्हा त्यांनी संस्थेत जाऊन हे खत पाहिलं. पांढरी चादर अंगाभोवती गुंडाळून ते खताचं काम बघताहेत, असा एक फोटो आहे. त्याच वर्षी 'हरिजन'मध्ये या पद्धतीची माहिती छापून आली.

म्हणजे गांधी येतात तेव्हा हॉवर्ड इंदूरमध्ये नाही. काम चालू आहे, ते इथली माणसं करताहेत. पण आज जगात कुठेही 'सेंद्रिय शेतीचा जनक' म्हणून लेख काढा, त्यात हॉवर्ड एकटा असतो. फार तर गॅब्रिएलचा एखादा परिच्छेद. वाड तळटीपेत. बिहारचे जे शेतकरी त्याचे प्राध्यापक होते, त्यांना तर एकही नाव नाही. ज्यांनी खड्डे भरले, पालटले, मुतारी माती खणली, त्या मजुरांचंही नाही. हॉवर्डचा यात दोष आहे असं मला म्हणायचं नाही. त्याने पुस्तकावर वाडांचं नाव स्वतःच्या नावाखाली छापलं, हे त्या काळच्या साहेबासाठी थोडं नव्हतं. विसरलो ते आपण.

खत जगभर गेलं, फक्त...

इंदूर पद्धत पसरली, आणि झपाट्याने पसरली. पण कुठे? केनियातल्या कॉफीच्या मळ्यांत, आसाम आणि सिलोनच्या चहाच्या मळ्यांत, दक्षिण आफ्रिकेत, ऱ्होडेशियात, मध्य अमेरिकेत. इंग्लंडमध्ये लेडी ईव्ह बाल्फरने १९४३ मध्ये 'द लिव्हिंग सॉइल' लिहिलं आणि १९४६ मध्ये तिथे सॉइल असोसिएशन स्थापन झाली. अमेरिकेत जेरोम रोडेल हा प्रकाशक हॉवर्डचं लिखाण वाचून इतका झपाटला, की त्याने पेन्सिल्व्हेनियात शेत घेतलं आणि १९४२ मध्ये सेंद्रिय शेतीचं मासिक काढलं. त्याचा मुलगा रॉबर्ट रोडेल याने १९८० च्या दशकात 'रिजनरेटिव्ह' हा शब्द शेतीला जोडला. तोच शब्द आज आपल्या मोबाईलवर येतो.

आणि पर्माकल्चर? १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी ते नाव रूढ केलं, 'पर्मनंट' आणि 'ॲग्रिकल्चर' जोडून. किंगच्या उपशीर्षकातले तेच दोन शब्द. मधल्या काळात, १९४५ मध्ये, आमच्या शेजारच्या वर्ध्याच्या मगनवाडीतून ग्रामोद्योगाचं काम करणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी तुरुंगात बसून 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' लिहिलं होतं. निसर्गाकडून घेतलेलं परत न करणारं अर्थशास्त्र फार टिकणार नाही, असं सांगणारं. टिकण्याची काळजी वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या माणसांना एकाच शब्दाकडे नेत होती.

आता माझा मूळ राग. जी पद्धत इंदूरच्या काळ्या जमिनीत, पऱ्हाट्यांचं काय करायचं या प्रश्नातून निघाली, ती आमच्या पऱ्हाट्यांपर्यंत का पोचली नाही? फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या भागात संध्याकाळी निघालात तर धुरामागून धूर दिसतो. उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग जळत असतात. पूर्वी त्या चुलीसाठी घरी यायच्या. गॅस आल्यापासून तेवढ्या लागत नाहीत.

सोपं उत्तर आहे: रासायनिक खत आलं. हवेतल्या नत्रापासून अमोनिया करण्याची हाबर-बॉश पद्धत पहिल्या महायुद्धाच्या आधी निघाली, युद्धात तिच्यापासून स्फोटकं झाली आणि युद्ध संपल्यावर त्याच कारखान्यांना खताची बाजारपेठ हवी होती. हॉवर्ड हे तेव्हाच ओरडून सांगत होता. आपल्याकडे १९५१ मध्ये सिंदरीचा कारखाना सुरू झाला, पुढे हरितक्रांती आली. गोणी फोडली, टाकली, काम संपलं.

पण हे उत्तर पुरतं नाही, आणि हॉवर्डच्या भक्तांना ते आवडतं म्हणून मला त्याचा संशय येतो. हॉवर्डने पुढे पुढे फार मोठे दावे केले. चांगल्या खतावर पोसलेली आपली बैलं लाळ्या-खुरकुताच्या जनावरांच्या शेजारी राहूनही आजारी पडली नाहीत, असं तो सांगायचा. त्यावरून त्याने माणसांच्या आरोग्यापर्यंत उडी मारली. नियंत्रित प्रयोग करून हे सिद्ध करण्याच्या फंदात तो पडला नाही. इंग्लंडमध्येच रॉथॅमस्टेडला १८४३ पासून रासायनिक खतावर गव्हाचं पीक घेत आलेले तुकडे आहेत आणि ते आजही पिकतात. त्याचं उत्तर त्याने मुख्यतः टीकेनेच दिलं. अन्न कमी पडत असलेल्या देशाने युरिया नाकारायला हवा होता, असं आज पोटभर जेवून म्हणणं मला जमत नाही.

खरं कारण मला एका संध्याकाळी बाबांनी सांगितलं. मी इंदूरची सगळी पद्धत त्यांना उत्साहाने समजावली. चाकांखाली चेचणं, थर, राख, तीनदा पालटणं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सारं बराबर हाये बाई. पन तीनदा पलटवन कोन?"

मी गप्प झाले. नंतर वाचत गेले तसं दिसलं, की प्रश्न पहिल्यापासून हाच होता. इंदूरच्या संस्थेत चाळीस बैल होते, पाणी होतं, आणि वेळेवर पगार, मर्यादित तास, राहायला घर मिळणारे मजूर होते. चहाच्या मळ्यात मजुरांची फौज होती, तीही फारशी मर्जीने आलेली नव्हे. म्हणून तिथे पद्धत रुजली. चार एकरवाल्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे यातलं काय होतं? पऱ्हाटी निघते नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर, विहीर आटत असताना. तेव्हा ढिगावर शिंपडायला पाणी कुठलं? शेण-मूत उचलायचं काम घरातल्या बायकांचं, मैल्याचं काम विशिष्ट जातींचं. तज्ज्ञांनी 'श्रम' असा एक शब्द लिहिला, पण ते श्रम कुणाच्या डोक्यावरच्या टोपलीत आहेत हे बहुधा लिहिलं नाही. बाबांची पिढी शेणाच्या टोपलीतून सुटली ती युरियाच्या गोणीमुळे. त्या सुटकेला नावं ठेवायचा अधिकार मला नाही.

पुसदचं उत्तर

आणि इथे आमचं टाकं येतं.

पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे हे गांधीविचाराचे कार्यकर्ते. नारायण, देवताव, पांढरीपांडे यांच्या आद्याक्षरांतून झालं 'नाडेप'. लोक त्यांना नाडेपकाका म्हणत. त्यांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून जी पद्धत बसवली, तिच्यात मला बाबांच्या प्रश्नाचं उत्तर दिसतं. पालटायचं का? हवा जावी म्हणून. मग हवा भिंतीतूनच आत जाऊ द्या. विटांत भोकं ठेवा. एकदा भरा, वरून शेणमातीने लिंपून टाका, पालटूच नका. शेण कमी आहे? साधारण शंभर किलो शेणात दीड हजार किलो काडीकचरा आणि त्याहून थोडी जास्त माती, इतकंच लागतं. तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत. ज्या भोकांतून आम्ही एकमेकांचे हात पकडायचो, त्या भोकांत इंदूरच्या सगळ्यात मोठ्या अडचणीवरचा तोडगा होता.

मग टाकं रिकामं का राहिलं? कारण ते एक-दोन दिवसांत सलग भरावं लागतं. टनभर काडी, टनाहून जास्त माती आणि दीड-दोन हजार लिटर पाणी एकाच वेळी गोळा करायचं म्हणजे चार माणसांचं काम. बांधण्यासाठी अनुदान होतं, भरण्यासाठी नव्हतं. ज्याचं बांधकाम मोजता येतं त्याला पैसे मिळाले. खत कुणी मोजलं नाही. त्यात आता गुलाबी बोंडअळीचा धाक. पऱ्हाटी शेतात साठवून ठेवू नका, अळी तिच्यात दडून राहते, हा कृषी तज्ज्ञांचा सल्ला बरोबरच आहे. मग माणूस काय करतो? काडी पेटवतो.

हे समजल्यावर रागाचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. गेल्या वर्षी आम्ही टाकं साफ केलं. डबे काढले, गाजरगवत उपटलं. गावातल्या तिघांनी मिळून पऱ्हाटीचा भुगा करणारं ट्रॅक्टरचं यंत्र एक दिवस भाड्याने आणलं. गाडीरस्त्याची चाकं आता रबरी आहेत, त्यांनी काही चेचलं जात नाही. जानेवारीतच, विहिरीत पाणी असताना, पऱ्हाटी उपटल्याबरोबर भुगा केला आणि टाकं भरलं. मजुरी दिली, त्याचा हिशेब वहीत आहे. एप्रिलच्या शेवटी उघडलं तेव्हा वरची वीतभर काडी तशीच कोरडी होती. खालचं काळं, भुसभुशीत, पावसाच्या पहिल्या वासाचं. ते अर्ध्या एकराच्या तुकड्याला पुरलं. बाकीच्या शेताला नेहमीचीच गोणी.

याने क्रांती झाली नाही. त्या तुकड्यातली कपाशी उठून दिसत होती का, असं मला बरेच जण विचारतात. थोडी. एका वर्षाच्या, एका तुकड्याच्या जोरावर याहून जास्त काही म्हणायला मी धजावत नाही. त्याच्यासाठी मोजावं लागतं, वर्षानुवर्षं, वाडांनी मोजलं तसं.

इंदूरच्या त्या संस्थेच्या आवारात आज कृषी महाविद्यालय आहे. आणि इंदूर शहर आता स्वच्छतेसाठी देशभर ओळखलं जातं. २०२२ पासून तिथे रोज साडेपाचशे टन ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत करण्याच्या क्षमतेचा प्रकल्प चालतो. कचरा म्हणजे चुकीच्या जागी पडलेलं खत, हे त्या शहराला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. मध्ये बराच काळ विसरलं, पुन्हा आठवलं. आठवलं तेव्हा उचलायला गाड्या होत्या, पगारी माणसं होती, महापालिकेचं बजेट होतं. शेतकऱ्याच्या काडीला ते अजून मिळायचंय.

या जानेवारीत बाबांनी मला फोन केला. पऱ्हाटी उपटायला आली होती. म्हणाले, "मशीनवाल्याले सांगून ठेवलं. तू येतं का?" मी विचारलं, भरायला कोण कोण आहे? तेव्हा त्यांनी तीन नावं सांगितली आणि चौथं माझं.